भुंजलेली चाय आणि मागचा कडुनिंब

बेकार चाय कुठं ओतायची हे आमच्या टपरीत पहिल्यापासून ठरलेलं होतं. मागच्या कडुनिंबाच्या बुडाशी. ठरवणारी माझी बायको, पार्बता. दिवसाची पहिली चाय ती स्वतः प्यायची. एक घोट घ्यायची, आणि पटली नाही तर उठून मागं जायची. परत यायची ती रिकामा कप घेऊन. मग मी गुमान भांडं घासायला घ्यायचो, गिऱ्हाईक वाट पाहत बसलेलं असो नाहीतर बोंबलत असो.

मी कारध्याचा. वैनगंगेच्या त्या काठाला भंडारा शहर, या काठाला आम्ही. जुन्या पुलाच्या उतारावर आमची टपरी. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे तोंडात येते तसं लिहून राहिलो. दिवाळी अंकाचं काम पाहणारं एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, माझ्या धंद्यात लिहिण्यासारखं काय आहे? पाणी तापवा, लोकांना पाजा. तो म्हणाला, "मग रस्त्यात एवढ्या टपऱ्या सोडून लोक तुमच्याकडेच काहून येतात?"

याचं उत्तर मला माहीत होतं. लोक भुंजलेल्या चायसाठी यायचे.

भुंजणं म्हणजे कोरडं भाजणं. आमच्याकडे चणे भुंजतात, मुरमुरे भुंजतात. चायपत्ती कोणी भुंजत नाही. आम्ही भुंजायचो, आणि ते अकलेनं सुचलेलं नव्हतं, पुरानं सुचवलं. एका वर्षी नदी फुगली आणि पाणी टपरीच्या दारापर्यंत येऊन परत गेलं. आत शिरलं नाही, पण ओल शिरली. पत्तीचं नवं पोतं सादळून लोळागोळा झालं. मी नदीला शिव्या देत पोतं उचलून फेकायला निघालो, तर पार्बता आडवी आली.

"सादळलेले मुरमुरे फेकतेत का जी कोनी?"

"मुरमुरे वेगळे, चाय वेगळी."

"तुमाले भुंजनं समजते?"

"नाई."

"मंग बाजूले सरका."

तिचं माहेर अड्याळचं. घरी मुरमुरे फोडायचा धंदा, त्यामुळे बाजाराच्या दिवशी भट्टीपुढं बसूनच ती लहानाची मोठी झालेली. तिनं धानाच्या कोंड्याचा मंद जाळ केला, लोखंडी कढई ठेवली आणि पत्ती टाकून काड्यांच्या झाडणीनं फिरवत बसली. मी मनात म्हटलं, पत्ती तर गेलीच, आता कढईही जाईल. थोड्या वेळानं असा वास सुटला की पुलावरून सायकलीवर जाणारा माणूस खाली उतरला. उतरून विचारतो, "चणे कोठी भुंजून राहिले गा?"

चणे नाहीत म्हटल्यावर बिचारा चाय पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला. ते पोतं संपलं तेव्हा मी साधी पत्ती आणली, तर लोक कप नाकाशी नेऊन माझ्याकडे पाहायला लागले. तेव्हापासून भुंजणं सुटलं नाही.

ज्याला करून पाहायचं असेल त्याच्यासाठी सांगतो. कढई कोरडी पाहिजे आणि जाळ मंद. पत्ती आधी ओल्या गवतासारखा वास देते, मग काहीच देत नाही, आणि एकदम चण्यासारखा वास येतो. तो वास आला की कढई उतरवून उपयोग नाही, उशीर झालेला असतो. यायच्या जरा आधी उतरवायची, कारण खाली ठेवल्यावरही लोखंड आपलं काम करत राहते. आता यायच्या आधी म्हणजे कधी, तर ते पार्बताला विचारा. मग पत्ती मडक्यात भरायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि रात्रभर मुरू द्यायची. भुंजल्या भुंजल्या केलेली चाय घशाला खरखरते.

भुंजणं तिचं आणि उकळणं माझं, अशी वाटणी झाली. आणि वाटणीबरोबर भांडण आलं. चव कोणाची? ती म्हणायची भुंजण्यातली, मी म्हणायचो उकळण्यातली. हे भांडण आम्ही रोज केलं आणि मजेत केलं. मोहाडीकडून एक कोष्टीबुवा लुगडी घेऊन भंडाऱ्याला यायचे. जाता येता आमच्याकडे थांबायचे. त्यांना आम्ही पंच केलं. बुवांनी पहिला कप डोळे मिटून प्याला, दुसराही प्याला आणि धोतरानं तोंड पुसून म्हणाले, "बाई, ताना बी पायजे, बाना बी पायजे. तिसरा कप आना, मंग निकाल सांगतो."

निकाल त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. निकाल दिला असता तर फुकटची चाय बंद झाली असती, एवढं त्यांना कळत होतं.

एकदा नागपूरकडे जाणारा एक पोरगा मोटरसायकल थांबवून बसला. पहिल्या घोटालाच मोबाईल काढला आणि म्हणाला, "मामाजी, जपानमध्ये असाच भाजलेला चहा पितात. हे पाहा."

पार्बतानं फोटो पाहिला. "दूध नाई टाकत?"

"नाही."

"मंग त्यायले अर्धंच सांगतलं कोनीतरी," असं म्हणून ती कढईकडे वळली. पोरगा इतका हसला की चाय त्याच्या अंगावर सांडली.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट. मला बोलायची फार खोड. गिऱ्हाईक बसलं की मी सुरू. कोणाच्या बैलानं कोणाचं धान खाल्लं, कोणाच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून पडला, सगळं माझ्याकडे. बोलता बोलता माझं तोंड गिऱ्हाइकाकडे आणि पाठ चुलीकडे. भांड्यात चाय भसाभस वर येऊन राहिली याचा पत्ता नाही. मग पार्बता ओरडायची, "अजी, चाय पाहा!" आणि मी वळेपर्यंत लोट्यात हात बुडवून पाण्याचा शिपका मारायची. अर्धं पाणी चायवर पडायचं, अर्धं माझ्या मानेवर. चाय फस्सकन खाली बसायची, मी पण आच बंद करून, झाकण आपटून खाली बसायचो आणि गिऱ्हाइकं हसायची. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारी भांडकुदळ आहे. जुने मुद्दाम मला बोलतं करून त्या शिपक्याची वाट पाहायचे.

मग ती आजारी पडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाणंयेणं झालं, पण शरीर उतरत गेलं. घरी एकटी पडून राहायला तयार नव्हती, म्हणून तिची खाट टपरीतच टाकली. तिनं खाटेवरूनच मला भुंजणं शिकवलं. मी कढईपुढं, ती डोळे मिटून पडलेली.

"फिरवा. हात थांबवू नोका."

"फिरवून राहिलो न."

"उतरवा!"

"अजून वास कोठी आला?"

"तुमच्या नाकाले येईन तवा कोयसा झाला असन. उतरवा म्हटलं न म्या!"

मी उतरवायचो आणि खाली ठेवल्यावर वास यायचा. हळूहळू माझ्या नाकालाही समजायला लागलं. खाटेवरून तिचा शिपक्याचा नेमही चुकला नाही. लोटा उशाशीच होता.

पोळा झाला आणि पार्बता गेली.

यावर जास्त लिहीत नाही. ज्याची बायको गेली त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याची आहे त्यानं आज घरी लवकर जावं.

तेरवी झाल्यावर मी टपरी उघडली. पोरगी अड्याळला दिलेली आहे, माझ्या सासुरवाडीच्याच गावात. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडं चला." मी म्हटलं, तुझ्याकडे बसून काय करू, भिंत पाहू? इथं चार माणसं तरी येतात. माणसं आलीही. पण पहिल्याच दिवशी मला दिसलं की लोक कप अर्धा ठेवून उठत आहेत. तोंडानं कोणी काही बोललं नाही. दुखवटा आहे, म्हाताऱ्याला काय बोलायचं? पण अर्धा कप बोलतो. मी घोट घेऊन पाहिला. चाय कडू. कडू म्हणजे नुसती कडक नाही, जळक्या लाकडासारखी जिभेवर बसणारी.

मी म्हटलं, माझं भुंजणं बिघडलं. पण पार्बताच्या हातची शेवटची पत्ती मडक्यात शिल्लक होती. मी तिला हात लावला नव्हता. एक दिवस मडक्याचं फडकं सोडलं आणि तिच्या पत्तीची चाय केली.

तीही कडू.

तिथं माझी मती गुंग झाली. पत्ती तिची, म्हणजे भुंजण्यात खोट नाही. दूध त्याच गवळ्याचं. खोट उरली ती उकळण्यात, म्हणजे माझ्या वाटणीत. ज्या वाटणीसाठी मी रोज भांडलो तिच्यात.

मला वेड लागलं म्हणा. कारण समोर अखजी होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखजी म्हणतात. त्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात आणि त्यांना आवडायचं ते पुढं ठेवतात. ही पार्बताची पहिली अखजी. तिच्या घागरीपुढं पुरणपोळी पोरगी ठेवणार होती. पण चायचा कप मलाच ठेवायचा होता, आणि ही बाई जिवंत असताना बेकार चाय पीत नव्हती. आता काय पिणार? अशी चाय तिच्या नावानं ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी. आणि न ठेवणं मला जमणार नव्हतं.

मग मी एकेक वस्तू बदलायला घेतली. आधी पाणी. बोअरच्या पाण्यानं चायवर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, म्हणून गावच्या विहिरीचं गोडं पाणी आणलं. रंग सुधारला, चव तीच. मग भांडं. अॅल्युमिनियमचं काढलं आणि जुनं पितळी भांडं कल्हई करून आणलं. दिसायला देखणं, चाय कडूच. गॅस बंद करून पुन्हा कोंड्याच्या जाळावर केली, तर धुरानं गिऱ्हाइकं खोकून पळाली. पत्ती कमी केली तर कडूपणाबरोबर चायही कमी झाली. दूध वाढवलं, तर भेटायला आलेली पोरगी म्हणाली, "बाबा, ही त खीर झाली." एक दिवस आलं घातलं. पार्बता भुंजलेल्या पत्तीत आलं कधी घालू देत नव्हती. म्हणायची, दोन भांडखोर एका घरात नोको. ते खरंच होतं.

उकळणं मात्र मी कमी केलं नाही. उलट आता मी पुरतं भान ठेवून चाय करत होतो. सांभाळायला मागं कोणी राहिलं नव्हतं न. मी चुलीकडे तोंड करून उभा राहायचो, आच बारीक ठेवायचो, नजर भांड्यावरून हलवत नव्हतो. एक थेंब उतू जाऊ देत नव्हतो. आणि बोलणं तर बंदच झालं होतं. बोलण्यासारखं राहिलं काय होतं? लोक येत, मी मुकाट्यानं कप पुढं करी, लोक मुकाट्यानं अर्धा पीत.

कडुनिंबाला त्या हिवाळ्यात इतकी चाय मिळाली की फाल्गुनात झाडाला कोवळी पालवी तांबडी फुटली, तेव्हा मला वाटलं चायचाच रंग उतरला.

खरं तोंडावर बोलला तो एकच माणूस, श्रावण. हा मासे विकतो. त्याचं गाव गोसीखुर्द धरणात बुडालं, आता तो पुनर्वसनाच्या नव्या गावात राहतो आणि बुडालेल्या गावावरच डोंगा घालून मासे धरतो. भंडाऱ्यात मासे विकले की आमच्याकडे चाय, हे वर्षानुवर्षं. तो थंडीतच म्हणाला होता, "भाऊ, राग मानू नोका. तुमची चाय आजकाल दवाई लागते. दवाईच प्यायची त दवाखान्यात पेतो." आणि त्यानं यायचं सोडलं.

अखजीच्या तीन-चार दिवस आधी तोच श्रावण टपरीसमोर येऊन थांबला. मासे विकून झालेले, टोपली रिकामी, आणि चेहऱ्यावर अशी काही खुशी की पोरगा झाल्यासारखी.

"दवाई प्यायला आला का गा?" मी विचारलं.

"चाय राहू द्या भाऊ, आधी गोष्ट आयका. सांगतल्याबिगर माह्या पोटात राहून नाई राहिली." तो बाकावर बसला. "उन्हायानं धरनाचं पानी उतरलं. काल मी डोंगा घेऊन आपल्या जुन्या गावावरून चाललो होतो. म्हटलं पाहावं, काई दिसते का. देऊळ? नाई. शाळा? नाई. माहं घर? नाई. आन् पान्याच्या मधात एकच वस्तू उभी. सांगा काय?"

मी चुलीवर भांडं ठेवलं होतं, पत्ती टाकली होती. पण श्रावणनं असं विचारलं की मला वळावंच लागलं.

"काय?"

"माहा संडास!"

"आँ?"

"आईच्यान! सरकारनं बांधून देल्ला होता न, थोच. आमी कधी वापरला नाई. बायको म्हने, इतकी चांगली खोली हागाले कायले नासवाची? त्यात कोंबड्या ठेवल्या. आता गाव बुडालं, देव बुडाला, पाटलाचा वाडा बुडाला, आन् संडास छाती काढून उभा! वर एक पानकावळा पंख वायवत बसलेला, जसा गावचा सरपंच! म्या बायकोले फोन केला. म्हटलं, आपलं घर सापडलं व. थे रडाले लागली. म्हने, कोनती खोली सापडली?"

मी हसलो. साधं हसलो नाही. पोट धरून हसलो, बाकाला धरून हसलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोळ्यापासून मी हसलो नव्हतो हे मला हसताना समजलं. श्रावण हसत होता, बाकावरची दोन गिऱ्हाइकं हसत होती. मी विचारत होतो, "मंग सांगतलं का गा तिले, कोनती खोली?" आणि तेवढ्यात श्रावणचे डोळे माझ्या मागं गेले आणि तो ओरडला,

"अजी, चाय पाहा!"

शब्द पार्बताचेच. वर्षानुवर्षं ऐकून त्याच्या जिभेवर बसलेले. मी मान आखडून घेतली. शिपक्याची वाट पाहिली. आला नाही. आणि चाय तर भांड्याच्या काठावरून बाहेर पडत होती. मी स्वतःच लोट्यात हात बुडवला आणि शिपका मारला.

फस्सकन चाय खाली बसली. पत्ती बुडाशी गेली, वरची चाय तांबूस मोकळी झाली. झालेल्या पसाऱ्यानं वैतागून मी गॅस बंद केला आणि भांड्यावर झाकण आपटलं. ओटा पुसला. मग गाळली. ओतायला मागं निघालो तर श्रावणनं हात धरला.

"कोठी चालले? द्या इकडं."

त्यानं घोट घेतला आणि हसायचा थांबला. पुन्हा घेतला. कप खाली ठेवून माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हे त वहिनीची चाय हाय."

मी त्याच्याच कपातला उरलेला घोट प्यालो. होती.

आता तुम्हाला जे समजलं ते मला त्या बाकावर बसून समजलं. बारीक आचेवर, डोळ्यांत तेल घालून, एकही थेंब उतू न देता मी पत्ती शिजवत होतो. भुंजलेली पत्ती आधीच एकदा आगीतून निघालेली असते. तिला पुन्हा शिजवली की ती जळकं तेवढं बाहेर टाकते. तिला मोठी आच पाहिजे, एकच उसळी पाहिजे, आणि उसळी आली की वरून थंड पाण्याचा शिपका. उकळी मोडते, पत्ती बुडाशी बसते. मग आच बंद, वर झाकण, गाळेपर्यंत हात लावायचा नाही. एवढंच. आमच्या टपरीत हे रोज होत होतं, आणि मी समजत होतो बाई मला माझ्या बडबडीची शिक्षा देऊन राहिली.

तिला हे माहीत होतं का? माहीत नाही. श्रावण म्हणतो, माहीत होतं, वहिनी पक्की होती. पोरगी म्हणते, "नाई बाबा, आईले तुमचा रागच यायचा." मला विचाराल तर दोन्ही असेल. माझा राग यायचा तेव्हाच तिचा हात सगळ्यात चांगला चालायचा.

अखजीला पोरगी आली. घरी घागर भरली, पुरणपोळी ठेवली. मी टपरीवर गेलो. त्या दिवशी गिऱ्हाईक घेतलं नाही. मडक्यातली शेवटची पत्ती, तिच्या हातची, चिमटीनं काढली. विहिरीचं पाणी, दूध, मोठी आच. भांडं ठेवलं आणि चुलीकडे पाठ केली. तिची खाट अजून तिथंच आहे. खाटेकडे तोंड करून तिला श्रावणची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली. पानकावळा पण, सरपंच पण. रिकाम्या खाटेला सांगताना पहिल्यांदा लाज वाटली, मग नाही वाटली. "कोनती खोली सापडली" तिथं आलो आणि मागं चाय उठल्याचा आवाज झाला.

मी शिपका मारला. अर्धं पाणी चायवर. उरलेलं स्वतःच्या मानेवर मारून घेतलं.

कप घेऊन घरी आलो आणि घागरीपुढं ठेवला. पोरीनं हात जोडले, मी पण जोडले. चाय निवेपर्यंत आम्ही दोघंही तिथंच बसलो. मग पोरगी म्हणाली, "बाबा, आता हे कडुनिंबाले ओतून येऊ का?"

"कायले?" मी म्हटलं आणि कप उचलला. आम्ही दोघांनी अर्धा अर्धा प्याला.

त्या दिवशी कडुनिंबाला काही मिळालं नाही.